ज्यांच्या उशाशी दगड नाही

माझी आजी मला लहानपणी सांगत असे, "आपली थोरली म्हातारी येशूच्या बोळात निजलीया." हे ती इतक्या सहज सांगे की त्यात काही विपरीत आहे असे आम्हा पोरांना कधी वाटले नाही. पुढे १९५६ साली घरातले देव बाहेर गेले आणि भिंतीवर बाबासाहेब व बुद्ध आले. आजी गेली. तिच्याबरोबर ते वाक्यही गेले असते, पण मला ते आठवत राहिले. आम्ही बौद्ध, त्याआधीचे महार. मग आमची म्हातारी ख्रिस्ती स्मशानात कशी गेली? आणि ती कोण? तिचे नाव काय? घरात कुणालाच सांगता आले नाही. वडिलांनी आज्याचे नाव सांगितले, आज्याच्या बापाचे सांगितले, तिथे थांबले. बाईचे नाव तर त्यांच्या यादीतच नव्हते.

पूर्वज शोधणे हा आपल्याकडे बामणाचा आणि देशमुखांचा उद्योग समजला जातो. त्यांच्याकडे वंशावळी असतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या पंड्यांच्या वह्या असतात, सनदा असतात. आमच्याकडे काय असते? आमच्याकडे इतिहास नाही, असे मी स्वतःच तरुणपणी भाषणांतून तावातावाने बोललो आहे. आता ते मी तसे बोलणार नाही. कागद आहेत. परंतु ते आमच्यासाठी कुणी ठेवलेले नाहीत. ज्याला आम्हांला मोजायचे होते त्याने ते ठेवले: कुणाला पगार द्यायचा होता म्हणून, कुणाला वेठ घ्यायची होती म्हणून, कुणाला आत्मे तारायचे होते म्हणून. नाव शोधणाऱ्याने आधी हा प्रश्न विचारावा की माझ्या माणसाला मोजण्यात कुणाचे हित होते. त्याचे उत्तर मिळाले की दप्तर कोणत्या दारात शोधायचे ते कळते.

दगडाचे उदाहरण आधी घेऊ. भीमा कोरेगावचा स्तंभ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १८२१ साली बसविलेला पाया, इंग्रजी आणि मराठी लेख, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांची तेथील भेट हे सर्वांना ठाऊक आहे. स्तंभावर कंपनीच्या ज्या ४९ मृतांची नावे आहेत त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, एवढेही आपण दरवर्षी ऐकतो. पण वंश शोधणाऱ्याच्या नजरेने तो दगड वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. तिथे शिपायाच्या नावापुढे बापाचेही नाव आहे आणि बापाच्या नावालाही 'नाक' आहे. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या आल्या. १८१८ मध्ये पडलेला शिपाई, त्याचा बाप पेशवाईतला. ज्या काळात गावच्या कागदावर आमचा माणूस अनेकदा नुसता 'महार' म्हणून येतो, त्या काळातील बापलेकांची नावे दगडावर आहेत! कंपनीला आमच्याविषयी प्रेम होते असे नव्हे. पलटणीत हजेरीपट असतो, हजेरीवर पगार असतो, म्हणून नाव लागते. त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांना आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांना अर्ज करून आमच्या पूर्वजांच्या नोकरीची आठवण द्यावी लागली. तेही एका अर्थी पूर्वजांचे दाखले गोळा करणेच होते.

हा 'नाक' इंग्रजी दप्तरात शोधताना फसगत होते. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. शेवटचे अक्षर कधी 'सी', कधी 'के', कधी दोन्ही. पहिले नाव तर ओळखूच येत नाही. विठू, इठू, इट्टू एकच असतो. म्हणून नाव डोळ्यांनी न शोधता तोंडाने म्हणून पाहावे. मोठ्याने वाचले की आपल्या आजीचा उच्चार त्यातून ऐकू येतो.

पण कोरेगावचा दगड हा अपवाद. आमच्या माणसांच्या उशाशी दगड नसतो. आमच्यात पोर जगत नसेल तर त्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवीत, म्हणजे ते दगडासारखे टिकेल. दगडू म्हणून साठ वर्षे जगलेल्या माणसाला मरणानंतर मात्र मातीचा ढीग आणि वर चार गोटे, तेही कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. पहिल्या पावसाळ्यानंतर ती जागा सपाट. गावातल्या इतरांच्या मरणाची बातमी मात्र आम्हीच वाहिली. पाटलाच्या घरी कुणी गेले की येसकराने काठी घेऊन पाच-दहा कोस जायचे, सोयऱ्यांना सांगायचे, परत येऊन सरपण वाहायचे, आणि मेलेल्याच्या अंगावरचे कापड हा त्याचा हक्क! गावाच्या मरणाची नोंद महाराच्या पायांनी झाली. त्याच्या स्वतःच्या मरणाची बातमी न्यायला कोण गेले?

इंग्रजी अमलात हीच चाल कागदावर आली. मध्यप्रांत-वऱ्हाडात 'कोतवाल बुक' नावाचे जन्ममृत्यूचे पुस्तक असे आणि कोतवाल पुष्कळ ठिकाणी महारच असे. आपल्या बाजूला पोलीस पाटलाकडची नोंदवही, जिला आजही गाव नमुना १४ म्हणतात. तिच्यात नाव, बापाचे नाव, जात, मरणाचे कारण आणि तारीख मिळते. जातपडताळणीला धावणाऱ्या आपल्या पोरांना ही दोन नावे आता तोंडपाठ झाली आहेत. महारवतनाच्या जमिनीचे कागद हा तिसरा मार्ग. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. बाबासाहेबांनी १९२८ सालीच कायदेमंडळात त्यांवर घाव घातला होता. वतन वाईट होते यात वाद नाही. पण वतनाच्या हिश्श्यांवरून भाऊबंदांची भांडणे झाली आणि त्या भांडणांत कोण कुणाचा मुलगा हे लिहिले गेले. हे जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस भेटेल तर त्याच्यापुढे सरळ मान वाकवावी. शकाचे साल आले तर ७८ मिळवावे. (पौष-फाल्गुनातली तारीख असली तर ७९ चा विचार करावा.)

आता 'येशूच्या बोळा'कडे येतो.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांनी ठाणे केले. (या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जुन्या कागदात ते शोधताना मात्र नगर किंवा अहमदनगर असेच धरावे.) सिंथिया फरार याच मिशनच्या. जोतीरावांनी त्यांची मुलींची शाळा नगरला पाहिली, सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकल्या, आणि १८६२ साली फरारबाई नगरलाच वारल्या. 'ज्ञानोदय' १८४२ साली तेथूनच निघाला. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली त्यातच छापून आला. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य आपलीच माणसे होती, महार आणि मांग. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर तर वस्त्याच्या वस्त्या गेल्या. त्यांना कुणी 'पोटाचे ख्रिस्ती' म्हणून हिणवले. हे हिणवणारे कधी उपाशी मेले नाहीत. ज्या धर्मात पोट भरत नाही आणि पाणीही मिळत नाही, तो सोडायला माणसाने आणखी कोणते कारण द्यावे?

मंडळीच्या वहीचे महत्त्व इथे आहे. मिशनऱ्यांना आत्म्यांचा हिशेब ठेवायचा होता, म्हणून त्यांनी वही ठेवली. या अमेरिकन परंपरेच्या मंडळीत नुसता बाप्तिस्मा लिहून भागत नाही. माणूस मंडळीत केव्हा घेतला, कुठून आला, कोणत्या मंडळीकडे पत्र घेऊन गेला, शिस्तभंगासाठी केव्हा दूर केला, परत केव्हा घेतला आणि केव्हा मेला, एवढा प्रवास असतो. 'दूर केला' या शेऱ्यांखाली पुष्कळ काही दडलेले असते: कुणी जत्रेला गेला, कुणी मुलीचे लग्न जुन्या रीतीने लावले, कुणी मेलेले ढोर खाल्ले. म्हणजे वहीत पूर्वजाचे नाव सापडते, आणि त्याचा हट्टही सापडतो. इंग्लिश चर्चची वही वेगळी. तिच्यात छापील रकाने असतात: बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा, विधी कुणी केला. या वह्यांच्या नकला मुंबईहून लंडनला जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्यांत बहुतांशी गोरे आणि अर्धगोरे. आपल्या माणसासाठी लंडनच्या आधी तालुक्याची एसटी धरावी. अमेरिकन मिशनची मूळ पत्रे व अहवाल हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. परंतु खेड्यातल्या येसकराचे नाव खेड्यातल्याच वहीत असण्याचा संभव जास्त. १९२४ साली ह्या मंडळ्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या, १९७० साली उत्तर भारत चर्चमध्ये गेल्या. प्रत्येक स्थित्यंतरात काही वह्या एका कपाटातून दुसऱ्यात गेल्या आणि काही वाळवीच्या पोटात. तेव्हा एका ठिकाणी नाही म्हटले तर आधी कोणत्या मिशनचे ठाणे होते ते विचारून दुसरे दार ठोठवावे.

मी नेवासे तालुक्यातल्या एका मंडळीचे दार ठोठावले. गावाचे नाव मी लिहीत नाही; का, ते पुढे कळेल. पाळकसाहेब नवे होते. त्यांनी मला एका वृद्ध पंचाकडे पाठविले. वही त्यांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. म्हातारबुवांनी माझे सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, "कोणत्या ऑफिसातून आलात?" मी सांगितले, कुठल्याच नाही. ते म्हणाले, "वही नाही. जळाली." पेटी त्यांच्या खाटेखाली मला दिसत होती.

तीन वेळा गेलो तेव्हा उलगडा झाला. त्यांना वाटले होते मी जातपडताळणीच्या दक्षता पथकातला आहे. १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच, असे ठरले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती झालेला महार बाहेरच राहिला; महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात बसविले आहे. आता त्याच गावात एका भावाच्या दाखल्यावर एक शब्द, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरा. रविवारी मंडळीत बसणाऱ्या कुणाच्या पोराने कोणता दाखला काढला आहे हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पण ज्या वहीत माझ्या म्हातारीचे नाव आहे, त्याच वहीत कुणाची तरी नोकरी अडकली आहे, हे मला समजले. एका रकान्यात 'जात महार' आणि शेजारच्या रकान्यात 'बाप्तिस्मा'. पहिला रकाना पोराला तारतो, दुसरा बुडवतो. वही एकच. म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की अशा वहीतले दुसऱ्याच्या घराचे पान उतरू नये, त्याचा फोटो काढू नये, छापू तर मुळीच नये. आपले पान वाचावे आणि वही मिटावी.

मी तसे वचन दिले. त्यांनी पेटी ओढली.

वही बालबोधीत होती, बोरूने लिहिलेली, 'अ' आणि 'झ' जुन्या वळणाचे. आज्याच्या वयावरून आणि दुष्काळाच्या सालावरून मी अंदाज बांधून ठेवला होता, तो दोन वर्षांनी चुकला. नोंद १८७९ सालची. एकाच दिवशी तिघे: माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ, त्याची बायको आणि त्यांची आई. आईपुढे 'विधवा' लिहिले होते. म्हणजे खापरपणजोबा दुष्काळात गेले असावेत. धाकटा मुलगा, माझा पणजा, नोंदीत नाही. तो गावी चुलत्याकडे राहिला; वतनाच्या पाळीला एक माणूस लागतच होता, नाहीतर हिस्सा जायचा. एका घराचे दोन तुकडे इथे झाले. अर्धे घर मंडळीत गेले, अर्धे येसकरकीत राहिले आणि तिथून सत्तर-ऐंशी वर्षांनी दीक्षाभूमीच्या वाटेला लागले. आजी जे सांगत होती ते एवढेच.

आणि म्हातारीचे नाव! पुरुषाला गावच्या कागदात केव्हातरी नाव मिळते. बाईला 'अमक्याची बायको', 'अमक्याची आई' यापलीकडे जागा नाही. पण बाप्तिस्मा नवऱ्याच्या नावावर घेता येत नाही. ज्याचा त्याने घ्यायचा. म्हणून तिचे पूर्वीचे नाव, नवे ठेवलेले नाव, तिच्या बापाचे 'नाक' असलेले नाव आणि त्याचे गाव, असे सर्व त्या ओळीत होते. दीडशे वर्षे आमच्या घरात जिचे नाव कुणी उच्चारले नाही, तिचे माहेरसुद्धा मला एका ओळीत कळले. मी वही मिटली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. ज्यांच्याकडे दहा पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावलेली असते त्यांना हे कळणार नाही.

पुरल्याची नोंद मागच्या पानांवर होती. वय ६० लिहिलेले. अशा वयांवर विसंबू नये. ४०, ५०, ६० असे गोल आकडे म्हणजे लिहिणाऱ्याने चेहरा पाहून ठरविलेले. तिच्या थोरल्या मुलाचे वय धरले तर ती पन्नाशीचीच असावी.

नंतर आम्ही दोघे स्मशानात गेलो. दगडांविषयी इथे चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिथे मी आधी चुका केल्या. दुपारच्या उन्हात काळ्या पाषाणावरचा लेख दिसत नाही. सकाळी किंवा दिवस मावळताना आडवे ऊन पडले की अक्षरांच्या कडांना सावली येते आणि जे बोटाला लागत होते ते डोळ्याला दिसते. झाडाखाली दगड असेल तर आरशाने बाजूने ऊन टाकावे. नुसते पाणी शिंपडावे, मऊ कुंचल्याने माती काढावी. तारेचा ब्रश, चुना, आम्ल काही लावू नये. अक्षरांत रंग तर कधीच भरू नये, कारण आपण चुकीचे वाचून रंगविले की पुढचा माणूस आपली चूकच वाचतो. संगमरवरावर शिशाची अक्षरे बसविलेली असतात; ती पडली वा कुणी काढून नेली तर ज्या भोकांत ती बसविली होती ती उरतात. त्या भोकांवरून अक्षर जुळवता येते. शहाबादी फरशीचा पापुद्रा निघतो आणि पापुद्र्याबरोबर नाव जाते, म्हणून ती आधी उतरून घ्यावी. गरिबाच्या कबरीवर पुष्कळदा ओल्या सिमेंटवर खिळ्याने ओढलेली अक्षरे सापडतात. मला तीच सर्वांत जास्त भिडतात. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात, ओळ वाकडी असते. पण ती घरच्या माणसाने लिहिलेली असतात, कारागिराने नव्हे.

साहेबांच्या कबरींची काळजी घ्यायला माणसे आहेत. दक्षिण आशियातील युरोपियनांच्या स्मशानांसाठी लंडनमध्ये १९७६ साली एक संस्थाच निघाली. तिने याद्या केल्या, दगड दुरुस्त केले. चांगले काम आहे. साहेबाच्या बटलरची, त्याला वाचायला मराठी शिकविणाऱ्याची, त्याच्या शाळेत खडू धरणाऱ्या महार मास्तरची यादी आपण करायला हवी होती. आणि मरणात तरी सगळे एक झाले म्हणावे तर तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या ख्रिस्ती स्मशानात दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे. स्मशान वाचताना कोण कुठे निजला आहे हेही वाचावे: फाटकाजवळ कोण, ओढ्याकाठी कोण.

आमच्या म्हातारीची ओळ ओढ्याकाठची. वहीत जागा लिहिलेली नाही. म्हातारबुवांना त्यांच्या आजीने दाखविलेले एक लिंबाचे झाड तेवढे माहीत होते. त्याखाली सात-आठ उंचवटे, कशालाही दगड नाही. ते म्हणाले, "यातली कोणतीतरी." मग बोलता बोलता असे निघाले की थोरल्या भावाच्या बायकोचे माहेर म्हणजे त्यांचेच घर. मी त्यांना इतका वेळ 'साहेब' म्हणत होतो. आता काय म्हणावे ते सुचेना. शेवटी मी 'दादा' म्हटले.

उंचवट्यांपैकी एकावर दगड ठेवणे खोटे झाले असते. म्हणून एकच फरशी लिंबाच्या बुंध्याशी उभी करावी असे ठरले. त्यावर नाव कोणते, यावर दोन्ही घरे अजून भांडत आहेत. माझा पुतण्या म्हणतो, पूर्वीचेच नाव हवे आणि बापाच्या नावाचा 'नाक' हवा. दादांची सून म्हणते, ज्या नावाने म्हातारी मेली तेच. स्वतःच्या तोंडाने तिने ते घेतले होते. वर क्रूस असावा का, हा तिसरा वाद. दादा म्हणतात, दोन्ही नावे लिहा. मी पाथरवटाकडे जाऊन आलो. तो अक्षरागणिक पैसे घेतो, आणि काना-मात्रा वेगळ्या धरतो का, ते विचारायचे राहिले आहे.